तीन बोटं माया

"सुटली बिचारी."

कसबा पेठेतल्या त्या गल्लीच्या तोंडाशीच हे वाक्य माझ्या कानावर पडलं आणि रडू येण्याआधी मला राग आला. दीड महिना झाला त्याला. सकाळी आठ वाजता मी वाघोलीला, मुलाच्या फ्लॅटमध्ये, गॅसवरच्या दुधाकडे बघत उभी होते. शमीमच्या सुनेचा, रुबीनाचा फोन आला. "बाई, अम्मी गेल्या," एवढंच ती बोलली, पुढे नुसते हुंदके. दूध उतू गेलं, तेही मी बघतच राहिले. मग सापडल्या त्या चपला पायात घातल्या आणि बस पकडली. वाघोलीहून गावात यायला तास-दीड तास लागतो. तेवढ्या वेळात मी शमीमशी मनातल्या मनात बरंच भांडून घेतलं. पोचते तो काय, गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायकांपैकी एक ओळखीची बाई पुढे आली आणि माझा हात धरून म्हणाली, "सुटली हो बिचारी. किती वर्षं भोगलं..."

मी म्हटलं, "सुटतात त्या शिवणी. तिने घातलेली एक तरी सुटलेली पाहिलीत का तुम्ही?"

त्या बाईने माझा हात सोडला. नंतर मला वाईट वाटलं, कारण तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण तो शब्द माझ्या घशाखाली अजून उतरत नाही. आणि 'बिचारी'? शमीमला तोंडावर बिचारी म्हणून कुणी तिच्या दुकानाची पायरी पुन्हा चढलं असतं, असं मला वाटत नाही. हा लेख या दोन शब्दांविरुद्ध आहे, हे आधीच सांगून टाकते.

शमीम बायकांचे ब्लाउज शिवायची. तिचे वडील पुरुषांचे कोट शिवत. त्यांच्या दुकानाचा अर्धा भाग तिने विसाव्या वर्षीच बळकावला आणि पुढे उरलेला अर्धाही तिचाच झाला. दुकानात एक पाटी होती, तिच्याच अक्षरात: 'माप देताना पोट आत ओढू नये. ते नंतर बाहेर येतेच.' मी त्या दुकानात पहिल्यांदा गेले ती चोवीस वर्षांची, लग्न होऊन शेजारच्या गल्लीत नुकतीच आलेली, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नुकतीच लागलेली. मी अर्थातच पोट आत ओढलं. तिने इंचटेप गळ्यात टाकला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "इंग्रजी शिकवता ना? मराठी वाचता येत नाही का?" मी चिडून घरी आले. दुसरा शिंपी बघायचा असं ठरवलं. पण ब्लाउज अंगावर चढवला आणि तो बेत रद्द केला.

एकच खटकलं. बगलेत, बाजूच्या शिवणीत आत भलतंच कापड सोडलं होतं. शिवणकामात या राखून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात. अंग भरलं की जुनी शिवण उसवायची आणि मायेतून कापड मोकळं करून पलीकडून नवी टीप मारायची. बाकीचे शिंपी बोटभर माया ठेवत. शमीम तीन बोटं ठेवायची. आत जाड लागतं, उन्हाळ्यात टोचतं, असं मी म्हटलं तर म्हणाली, "बाई काय जन्मभर एका मापाची राहते? बाळंतपण येतं, दुखणं येतं, दिवाळीचा फराळ येतो. कापडाने थोडी वाट बघायला नको?" माझी दोन बाळंतपणं त्या मायेत निघाली. आई गेली त्या वर्षी मी वाळून काटकी झाले, तेव्हा तिने तेच ब्लाउज आत घेतले आणि नंतर न सांगता पुन्हा सैल करून दिले. 'अहो बाई'वरून 'अगं बाई'वर आम्ही कधी आलो ते आठवत नाही. 'बाई' मात्र तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्रेपन्नाव्या वर्षी, पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर, तिची पाळी पुन्हा सुरू झाली. मला कानात सांगितलं, "मी तरुण झाले बघ. एखादं स्थळ असेल तर सुचव." मी तिला तस्सं धरून डॉक्टरांकडे नेलं. उजव्या अंडाशयात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि तपासणीत कळलं की ही गाठ फार क्वचित होणाऱ्या जातीची आहे. ग्रॅन्युलोसा असं काहीसं गोड नाव. ही गाठ स्वतःच बाईपणाचे हार्मोन तयार करते, म्हणून ते तारुण्य. ऑपरेशन करणारे डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी स्पष्टच सांगितलं की ही सावकाश वाढते पण डूख धरते, वर्षानुवर्षं गप्प बसून परत येऊ शकते. शमीम म्हणाली, "म्हणजे माझ्या नणंदेसारखी. ओळख आहे आमची."

नऊ वर्षं गप्प बसली. मग आली. पुन्हा ऑपरेशन. चार वर्षांनी पुन्हा, त्या वेळी इंजेक्शनं, सगळे केस गेले. शमीमने गिऱ्हाइकांच्या ब्लाउजातून उरलेल्या कापडांच्या टोप्या शिवल्या आणि रोज साडीला मॅचिंग टोपी घालून दुकानात बसली. एका बाईने फारच हळहळून विचारलं तर तिला म्हणाली, "तुम्हाला पण एक शिवून देऊ का? डोकं झाकायला बरी पडते, आत काही नसलं तरी."

चौथ्या खेपेला मात्र गाठीने जागा बघून घेतली होती. ओटीपोटात, हाडाला चिकटून, उजव्या पायात जाणाऱ्या नसेवर ती बसली. कापून काढता येईना, इंजेक्शनांना दाद देईना. पाय सुजला, आणि कमरेपासून टाचेपर्यंत अशी आग व्हायची की शमीमला पाच मिनिटंसुद्धा बसता येईना. उभी राहायची किंवा आडवी पडायची. मशीनवर चादर आली. त्या मशीनवर दिवसाउजेडी चादर मी कधी पाहिली नव्हती. इरफान, तिचा मुलगा, म्हणाला, "अम्मी, मोटर बसवून देतो, पायडल मारायलाच नको." ती म्हणाली, "दुखतं ते बसायला. मोटर काय माझ्याऐवजी बसणार आहे?" तिला दुसरं काही नको होतं. भेटायला येणारे 'काय खावंसं वाटतं' विचारत आणि ती एकच सांगे, "मला बसायचंय. माझ्या स्टुलावर, माझ्या मशीनपुढे."

म्हणून आम्ही शेक द्यायच्या दवाखान्यात गेलो. रेडिओथेरपीला आपल्याकडे शेकच म्हणतात, कुणी लाईट म्हणतात. इंग्रजी कागद वाचायला, डॉक्टरांचं बोलणं उलगडायला दरवेळी मी सोबत असायची. ते माझं कामच होऊन बसलं होतं. शमीमला स्कॅनसाठी आत नेलं होतं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी इरफानला आणि मला बोलावून घेतलं. तरुण होत्या, पण बोलायला सरळ. म्हणाल्या, हा शेक पॅलिएटिव्ह आहे. गाठ जाणार नाही, थोडी आकसेल, नसेवरचा दाब कमी होईल, दुखणं उतरेल. दहा दिवस द्यायचा, सोमवार ते शुक्रवार. मी त्यांना सांगते, असंही त्या म्हणाल्या. इरफानने हात जोडले. "मॅडम, तुम्ही नका. आम्ही सांगतो. अम्मी हाय खाईल." मी काहीच बोलले नाही. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच, हे मी तीस वर्षं मुलींना शिकवलंय.

मग पोटावर खुणा करायला शमीमला टेबलावर घेतलं. मला दारातून थोडं दिसत होतं. स्वप्नाली नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, मशीनवर काम करणारी. तिने जांभळ्या मार्करने शमीमच्या पोटावर, दोन्ही कुशींवर रेषा ओढल्या आणि बजावलं, "आजी, या पुसायच्या नाहीत. साबण लावायचा नाही. याच रेषांवर रोज शेक बसणार." शमीम मान उंचावून आपल्याच पोटाकडे बघत होती. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की गाठ इथे आहे, पण आम्ही तिच्याभोवती थोडी जास्तीची जागा धरतो, श्वासाने, हालण्याने गाठ सरकते ना, म्हणून मार्जिन ठेवतो.

"म्हणजे माया ठेवता," शमीम म्हणाली. "किती?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "असेल दोन सेंटिमीटर."

"कमी आहे," शमीम म्हणाली. "मी तीन बोटं ठेवते."

बाहेर आल्यावर बाकावर आडवी होत तिने तो कागद माझ्यापुढे धरला. तिला इंग्रजी अक्षरं लागत, पण एकेक जोडून. एका शब्दावर तिने बोट ठेवलं. "पॅ... लि... ए... टिव्ह. हे काय गं, बाई?" इरफान जमिनीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "म्हणजे... जोरदार. गाठ मुळापासून जाळणारा." तिचा चेहरा असा उजळला की मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली. एवढी वर्षं मी मुलींच्या वह्यांतल्या चुकांवर तांबड्या शाईने गोल काढले. त्या दिवशी एका शब्दाचा अर्थ जाणूनबुजून चुकवला, आणि तोही जिने माझं माप कधी चुकवलं नाही तिच्यासाठी.

दोन दिवस शेक झाला. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, आम्ही बाहेर थांबलो होतो. या शेकाआधी बाटलीभर पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते, त्यामुळे तिथल्या सगळ्या बायका पाण्याच्या बाटल्या घेऊन वाट बघत. शेजारी मंचरकडची एक शेतकरी बाई होती, तिचाही शेक चालू होता. शमीम तिला उत्साहाने सांगायला लागली की दहा दिवसांत माझी गाठ मुळापासून जाणार, तसला खास शेक आहे माझा. त्या बाईने तिची फाईल बघितली. म्हणजे फाईलवरचा रंगीत कागद बघितला.

"आवो, मावशी, माजा पन त्योच कागुद हाय. त्यो बरं व्हायचा न्हाय. दुखायचं थांबायला हाय त्यो. मला मॅडमनी पयल्याच दिशी सांगितलं."

शमीमने माझ्याकडे पाहिलं. "बाई?"

मी हातातल्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले... त्यातून तिला कळायचं ते कळलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "इरफानने लपवलं असतं तर समजले असते, लेकरू आहे. तू? किती कापड उरलंय ते सांगायचं नाही आणि मी बेतायचं? कसं बेतू मी, बाई? सांग ना." तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. ती लंगडत आत गेली. परत आली तेव्हा रुबीनाला फोन करून बोलावलं होतं तिने. मला म्हणाली, "तू जा घरी."

चार दिवस तिने माझा फोन उचलला नाही. त्या चार दिवसांत जे घडलं ते मला रुबीनाने नंतर सांगितलं. गुरुवार-शुक्रवारी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. सुरुवातीला असं कधी कधी होतं म्हणे, सूज येते. रविवारी नणंद आली. सगळे खोलीत बसले, शमीम पलंगावर आडवी. नणंद म्हणाली, बरं व्हायचंच नसेल तर कशाला भाजून घ्यायचं, बंद करा, घरी आरामात राहू दे तिला. इरफानलाही पटत आलं होतं. शमीम कोपरावर उठली. "पदर फाटला की शिवतेस ना तू? साडी नवी होते का त्याने? नाही होत. तरी शिवतेस, कारण नेसायची असते. मला अजून नेसायचीय. ज्याला बंद करायचंय त्याने स्वतःचा शेक बंद करावा." नणंदेने बिचारीने चहाही घेतला नाही. बघा, मीसुद्धा हा शब्द वापरलाच... पण नणंदेला तो शोभतो.

सोमवारी सकाळी रुबीनाचा फोन. "बाई, लगेच या. अम्मींनी घोटाळा केलाय आणि मॅडम चिडल्यात." मी रिक्षाने पोचले. घोटाळा असा होता: मे महिना, घामाने शनिवार-रविवारात पोटावरच्या रेषा पुसट झाल्या. दुसऱ्या कुणी दवाखान्यात फोन केला असता. शमीमने आरसा घेतला, इंचटेप घेतला आणि कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने सगळ्या रेषा स्वतः नव्याने आखल्या! हुबेहूब, ठळक, टोकाशी टोक जुळवून. स्वप्नालीच्या लक्षात आलं म्हणून बरं. निळ्या रेषा मूळ जागेपासून अर्धं बोट सरकल्या होत्या. ती रडकुंडीला आली होती. डॉक्टरीणबाई इंग्रजीत भराभर बोलत होत्या, चिडल्या की त्यांचं मराठी पळून जायचं. शमीम टेबलावर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत म्हणाली, "काय म्हणतायत? आणि या वेळी खरं सांग."

मी म्हटलं, "म्हणतायत की गाठ सोडून आतड्यावर शेक बसला असता. म्हणतायत की हा अडाणीपणा आहे. म्हणतायत की एवढ्या वर्षांत असा पेशंट बघितला नाही."

"शेवटचं पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. ती खूश झाली. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "तुमची डावीकडची रेषा वाकडी होती. मी सरळ केली."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि मग, काय वाटलं कोण जाणे, स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. शमीमने विचारलं, "कापड किती उरलंय?" मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "नेमकं नाही सांगता येणार, आजी. महिने म्हणू या. वर्षांवर बेत करू नका." "आणि मला बसता येईल?" "बहुतेक. दोन-तीन आठवड्यांनी." शमीमच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं, ते तिने पुसलं नाही. मग म्हणाली, "झालं तर. मारा रेषा." स्वप्नालीने नव्याने खुणा केल्या. नंतर ती बराच वेळ आपला जांभळा मार्कर शोधत होती. "आजी, माझा मार्कर पाहिलात का?" शमीम म्हणाली, "मी कशाला बघू? मी तर आडवी होते."

शेक झाल्यावर दवाखान्याबाहेरच्या टपरीपाशी ती उभ्यानेच चहा प्यायली. मी माफी मागायला सुरुवात केली, तर तिने हाताने थांबवलं. "माफी नको. अर्थ सांग. शब्दाचा खरा अर्थ." ती असं विचारणार हे मला माहीत होतं. त्या चार दिवसांत मी घरातला जाडा शब्दकोश काढून बसले होते. मी सांगितलं की हा शब्द जुन्या लॅटिनमधून आलाय, आणि तिथे पॅलियम म्हणजे अंगावरून घ्यायचा झगा. पांघरूण. दुखणं नाहीसं करत नाही, त्याच्यावर पांघरूण घालतं, तो पॅलिएटिव्ह.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे शब्द शिंप्याचाच आहे की गं! आणि तू मला सांगितलंस जाळणारा?" चहाचा पेला खाली ठेवत हसली, हसताना पाय दुखला म्हणून कळवळली, पुन्हा हसली. "पांघरूण तू पण घातलंसच. पण चुकीच्या जागी." एवढंच. पुढे त्या विषयावर ती कधी बोलली नाही. मी मात्र रोज मनात बोलते.

दहा दिवस पूर्ण झाले. जुलाब झाले, थकवा असा की जेवणाच्या ताटापुढे डोळे मिटत. आणि मग एके दिवशी, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापेक्षा दोन दिवस आधीच (हे ती प्रत्येकाला मुद्दाम सांगे), रुबीना स्वयंपाकघरात असताना दुकानातून मशीनचा आवाज आला. ती पळत बाहेर आली. चादर जमिनीवर पडली होती. शमीम स्टुलावर बसली होती, सुजलेला पाय पायडलवर, आणि एका चिंधीवर नुसतीच टीप मारत होती. पुढे, मागे, पुढे. रुबीनाने मला फोन लावला आणि काही न बोलता मशीनजवळ धरला. मी तो आवाज ऐकत किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. त्याला कुणी नुसतं पॅलिएटिव्ह म्हणालं की माझं डोकं फिरतं. 'नुसतं' काय त्यात?

सात महिने मिळाले. बेत असाच केला होता तिने: नवी गिऱ्हाइकं घ्यायची नाहीत, जुन्यांचं काही अर्धवट ठेवायचं नाही. रुबीनाला ब्लाउजची कटोरी बेतायला शिकवली, ओरडून ओरडून. काठी टेकत मंडईत जायची आणि भाजीवालीशी पूर्वीइतकीच हुज्जत घालायची. लोक म्हणत, आता तरी आराम करा. ती म्हणे, "आरामासाठीच तर शेक घेतला. हा माझा आराम."

दिवाळीनंतर गाठ मणक्याशी निघाली. या वेळी कुणी कुणाला बाजूला बोलावलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळं शमीमला सांगितलं, शमीमने ते इरफानला समजावलं. एकाच दिवसाचा शेक होता. सहीच्या कागदावर तो शब्द आला तेव्हा तिने माझ्याकडे बघून तो घडाघडा वाचला, न अडखळता. टेबलावर पालथं झोपताना स्वप्नालीला म्हणाली, "पोरी, माया नीट ठेव हां. आणि या वेळी रेषा सरळ." त्या शेकाने तिला आणखी थोडे दिवस पाठ टेकून निजता आलं, थोडं बसता आलं. तेवढ्यात तिने माझा ब्लाउज शिवला.

मी तिला शेवटचं भेटले ती तो ब्लाउज घ्यायला गेले तेव्हा. साधा, निळ्या सुती कापडाचा. हूक रुबीनाने लावले होते, बाकी सगळं तिचं. मी आत हात घालून बघितलं. तीन बोटं! मी म्हटलं, "अगं, सत्तरीला टेकले मी. आता कुठे जाड होणार?"

"होशील. मी गेल्यावर तू रडत बसणार, आणि रडताना तुझं तोंड चालू असतं. मला माहितीय." मग पलंगावरच्या चादरीची घडी बोटांनी सारखी करत म्हणाली, "आमच्यात शेवटच्या कापडाला शिवण नसते, माहितीय ना तुला? कफन शिवत नाहीत. जन्मभर मी शिवलं आणि माझं कापड बिनशिवणीचं. म्हणजे मायाही नाही." मी ब्लाउज पिशवीत घातला. तीच म्हणाली, "म्हणून जिथे ठेवता येत होती तिथे ठेवून घेतली."

त्यानंतर बाराव्या दिवशी तो फोन आला. गुस्ल देताना, म्हणजे शेवटची आंघोळ घालताना, जे दिसतं ते बाहेर सांगू नये असा त्यांच्याकडे रिवाज आहे. तरी रुबीनाने मला कोपऱ्यात नेऊन कानात एक गोष्ट सांगितली. सांगते, कारण शमीमला ती आवडली असती. पाठीवर जांभळ्या रेषा अजून पुसट दिसत होत्या. आंघोळ घालणाऱ्या बायका त्या चोळून काढायला लागल्या, तर रुबीना म्हणाली, "राहू द्या. मार्किंग आहे ते. पुसायचं नसतं."

दीड महिन्यात तिचं म्हणणं खरं ठरलं. मी रडत बसले आणि खात बसले. परवा तो निळा ब्लाउज घालायला घेतला तर हूक लागेना. आरशासमोर मी पोट आत ओढलं, सवयीने, आणि पाटी आठवून सोडूनही दिलं. चष्मा लावला, कात्रीच्या टोकाने बाजूची शिवण उसवली. फार वेळ लागला, तिची शिवण होती ती. आतलं मायेचं कापड उलगडलं आणि हात थांबला. पहिल्या शिवणीपासून एक बोटावर, वरपासून खालपर्यंत, दुसरी रेषा आधीच आखून ठेवलेली होती. खडूची नाही. जांभळ्या मार्करची, न पुसणारी.

मी इंचटेप काढला होता, तो परत डब्यात ठेवला. रेषा मध्ये जराशी वाकडी आहे, बसून फार वेळ झाल्यावर ओढली असणार. मी ती सरळ केली नाही. हाताने, बारीक टाके घालत, तिच्याच रेषेवरून शिवत गेले. ब्लाउज बसला. आत अजून दोन बोटं माया शिल्लक आहे.